तंबोरा कुठे गेला?

गायक तोच, राग तोच, मैफलही तीच. पण फोनवर दोघांकडून आलेल्या दोन फायली लागोपाठ ऐकल्या, तर एकीत गायकाच्या मागे तंबोऱ्यांची जोडी भरून वाजत असते आणि दुसरीत गायक एकटाच पडलेला असतो. शब्द कळतात, ताना कळतात, तबलाही नीट ऐकू येतो. पण मन लागत नाही. गंमत म्हणजे ही दुसरी फाइल ऐकायला ‘स्वच्छ’ असते. खरखर असते ती पहिलीत. मग खरखरीतलं गाणं जवळचं आणि स्वच्छ गाणं परकं का वाटतं?

नालवाडीसारख्या गावात हा प्रश्न जास्तच जाणवतो. वर्धा शहराला खेटून असलेल्या या गावापासून मोठ्या मैफलींचं ठिकाण म्हणजे नागपूर, सुमारे ७५ किलोमीटरवर. तिथे जाणं कधीमधीच जमायचं. त्यामुळे इथल्या रसिकाचं बहुतेक ऐकणं रेडिओ, कॅसेट आणि आता फोन यांच्यातूनच झालं. मूर्तिजापुरात जन्मलेले आणि नागपुरात वाढलेले वसंतराव देशपांडे तर विदर्भाचे स्वतःचे. पण त्यांचा मारवाही आमच्यातल्या अनेकांना भेटला तो कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटमधून. एकानं दुसऱ्याला द्यायचं आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशा देवघेवीवर इथला कान घडला. म्हणूनच या देवघेवीत नेमकं काय हरवतं, ते समजून घ्यायला हवं. माझ्या मते सगळ्यात आधी हरवतो तो तंबोरा. त्याच्याकडे लक्ष ठेवलं की बाकीचा हिशेब आपोआप उलगडतो.

तंबोऱ्यात असतं काय

तंबोऱ्याला चार तारा असतात. एक पंचमाची, दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात. तार छेडली की ती घोडीच्या माथ्याला निसटती घासत राहते. जवारी म्हणतात ती हीच. या घासण्यामुळे मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक स्वर जोरात उमटतात.

हे आकड्यांत पाहू. एका सेकंदातल्या कंपनांची संख्या हर्ट्झमध्ये मोजतात. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर तो सुमारे १३८ हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९. तिच्या पाचपट केले की साधारण ३४५ हर्ट्झ येतात, आणि हा होतो गंधार. चारांपैकी एकही तार गंधाराची नसताना सुरेल लागलेल्या तंबोऱ्यातून तो ऐकू येतो, त्याचं कारण हे. असे उपस्वर वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेले असतात.

तंबोऱ्याचे तीन गुण इथे ध्यानात ठेवावेत. त्याचा पसारा खालपासून खूप वरपर्यंत असतो. तो हळू वाजतो. आणि तो अखंड वाजतो. भारतातल्या ध्वनिमुद्रणाच्या सव्वाशे वर्षांत जी जी यंत्रं आली, त्यांतलं प्रत्येक यंत्र यांपैकी कुठल्या ना कुठल्या गुणावर घाव घालत आलं आहे.

भोंग्यासमोरचं गाणं

१९०२ साली कोलकात्यात फ्रेड गैसबर्गनं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा त्या कामात विजेचा संबंधच नव्हता. गायिका एका मोठ्या भोंग्याच्या तोंडाशी गायची. आवाजाच्या धक्क्यानं भोंग्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा, त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरायची. सुई हलवण्याची सगळी ताकद गळ्यातून येणार! त्यामुळे खणखणीत आवाज उमटायचा आणि हळू आवाज भोंग्यापर्यंत पोचायचाच नाही. शिवाय भोंग्याला ऐकू यायचे ते साधारण दोनअडीचशे ते दोनअडीच हजार हर्ट्झमधले स्वर. तंबोऱ्याचा खर्ज खाली राहिला, जवारी वर राहिली. त्या काळच्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ नाही, तो याच कारणानं.

१९२५ पासून मायक्रोफोन आणि विजेवर चालणारं मुद्रण आलं आणि वरची मर्यादा पाच हजार हर्ट्झच्या आसपास गेली. हा फरक एकाच गळ्यात ऐकायचा तर अब्दुल करीम खाँसाहेब ऐकावेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोंग्यासमोर गायलेल्या त्यांच्या तबकड्या आहेत आणि १९३० च्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या विजेवरच्या तबकड्याही आहेत. पहिल्या संचात धावपळ आणि जोर आहे. दुसऱ्यात स्वर लावताना होणारी हलकी आस, श्वास, मागे झिरपणारा तंबोरा, सगळं जागेवर आहे. लहानग्या भीमसेन जोशींना ज्या झिंझोटीतल्या ठुमरीच्या तबकडीनं घराबाहेर काढलं, ती याच खाँसाहेबांची. तीन मिनिटांच्या तबकडीत एवढी ओढ मावली, यात गायकाचा वाटा मोठा आहेच. पण त्या सुराची ओल तबकडीत उतरवणारं यंत्रही तोवर आलं होतं.

तबकडीची खरखर कुठून येते, तेही सांगायला हवं. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी लाख तयार करतात तीच ही, आणि ती जगाला पुरवण्यात भारत आघाडीवर होता. तबकडीत लाखेचं काम सगळं धरून ठेवण्याचं. बाकी बराचसा भाग दगडाच्या बारीक भुकटीचा. ही भुकटी मुद्दाम घालत. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत त्या भुकटीवर घासून झिजावी आणि खोबणीच्या मापाची व्हावी, असा हेतू. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. खरखर आपल्याला ऐकू येते ती त्या भुकटीचीच. ती तबकडीच्या अंगातच आहे, नंतर बसलेली धूळ पुसली म्हणून जात नाही.



काळी एक की पांढरी दोन?

एकाच तबकडीच्या दोन फायली वेगवेगळ्या पट्टीत का येतात, हे कोडं अनेकांना पडतं. ‘७८ फेऱ्या’ हा आकडा नंतर ठरला. सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग कुठे ७०, कुठे ७४, कुठे ८० च्या वर, असा काहीही असे. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ नं वाजवली तर वेग साडेपाच टक्के वाढतो, आणि साधारण सहा टक्क्यांना एक अर्धस्वर चढतो. म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोनच्या आसपास जाऊन बसतो. लय वाढते, आवाज बारीक होतो आणि गमकेचं वजन उतरतं. आपण म्हणतो, जुने लोक फार घाईत गात. त्यातली काही घाई तबकडी फिरवणाऱ्याची असते.

कॅसेटमध्येही हे होतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. बैठकीत टेपरेकॉर्डर सेलवर चालू असेल आणि सेल उतरत गेले तर फीत हळूहळू मंद धावते. घरी ती नेहमीच्या वेगानं वाजवली की उलटा परिणाम होतो: विलंबित संपून द्रुत येईपर्यंत षड्ज वर सरकलेला असतो. यावर उपाय आहे, आणि तो पुन्हा तंबोऱ्यातच आहे. गायकाचा आवाज चढउतार करतो, तंबोरा करत नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा तंबोरा ताडून पाहिला की वेग किती सरकला ते मोजता येतं. विजेवर चालणाऱ्या यंत्रानं केलेल्या मुद्रणात आणखी एक साक्षीदार असतो. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावतो, त्याची बारीक घूं मुद्रणात उतरलेली असते. ती ५० किंवा १०० हर्ट्झवर आणून बसवली की पट्टी बरोबर बसते.

नागपूर केंद्र आणि कॅसेटची सुरसुर

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. १९५२ पासून संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमानं मोठे गवई घराघरांत आणले. पण मध्यम लहरींवर एका केंद्राला जी जागा मिळते ती अरुंद असते. सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचं तिच्यात बसत नाही. म्हणजे स्टुडिओत तंबोरा पूर्ण वाजत असला तरी नालवाडीच्या ओट्यावर पोचेपर्यंत त्याचा माथा कापला जायचा. शिवाय पावसाळ्यात वीज चमकली की रेडिओत कडाड उठायची, तीही रेडिओवरून उतरवलेल्या फितीवर उमटायची.

कॅसेटचा प्रश्न वेगळा. फितीवर चुंबकीय पुडीचे बारीक कण पसरलेले असतात. गाणं म्हणजे त्या कणांची मांडणी. कण कितीही बारीक असले तरी कणच, त्यामुळे काहीही मुद्रित न केलेली फीतसुद्धा ‘स्स्स’ करते. व्यावसायिक स्पूलवर फीत सव्वासहा मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला १९ सेंटिमीटर किंवा अधिक धावते. कॅसेटची फीत पावणेचार मिलिमीटरच्या आसपास आणि धावते जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. गाण्याच्या वाट्याला कण कमी, म्हणून सुरसुर जास्त.

आता या कॅसेटवरून दुसरी केली की पहिलीची सुरसुर गाण्यासकट उतरते आणि दुसरी स्वतःची घालते. पाचव्या हाती पोचेपर्यंत सुरसुरीची ताकद पाचपट होते. तंबोरा मुळातच हळू. तो या सुरसुरीखाली बुडतो. त्यात दोन टेपरेकॉर्डरांच्या वाचकटोकांचा, म्हणजे हेडचा, तिरकेपणा जुळत नसेल, आणि तो क्वचितच जुळतो, तर वरचे स्वर एकमेकांना खोडतात आणि आवाज कोंदट होतो. सुरसुर कमी व्हावी म्हणून डॉल्बीचं बटण दाबायची सवय अनेकांना होती. मूळ मुद्रण डॉल्बीत केलेलं नसेल तर ते बटण वरचे स्वरच दाबतं. सुरसुर कमी झाल्याचं समाधान मिळतं. जवारी गेलेली असते.

कॅसेटमधली एक गोष्ट मात्र कान देऊन ऐकण्यासारखी आहे. गायकानं षड्ज लावण्याआधी एखाददोन क्षण तोच षड्ज अगदी पुसट, दूरवरून आल्यागत ऐकू येतो. फीत गुंडाळलेली असते तेव्हा तिचे थर एकमेकांना चिकटून असतात, आणि मोठ्या आवाजाचा थर शेजारच्या शांत थराला किंचित चुंबकित करून ठेवतो. ती त्याची सावली. फीत जितकी पातळ आणि ठेवण्याची जागा जितकी गरम, तितकी ही सावली गडद. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असते, आणि आमच्याकडचा मे महिना ४६ अंशांचा! पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेल्या कॅसेटींनी आणखी काय सोसलं असेल, ते सांगायला नको.

आवळलेल्या फायली

सीडीवर आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि कुठलंही कंपन पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त मोजण्या लागतात, त्यावरून हा आकडा ठरला. या मोजण्या जशाच्या तशा ठेवल्या तर एका मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तेच मिनिट एका एमबीच्या आत बसतं. अकरातले दहा भाग टाकले जातात.

टाकायचं काय, हे एमपी३ कानाच्या स्वभावावरून ठरवतं. जोरात वाजणाऱ्या स्वराच्या जवळचा हळू स्वर कानाला ऐकू येत नाही. मग तो साठवायचा कशाला? एमपी३ गाण्याचे सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणते स्वर झाकले जातील याचा अंदाज बांधून ते टाकतं किंवा ओबडधोबड ठेवतं. विचार हुशारीचा आहे, आणि फाइल ३२० केबीपीएसची असेल तर फरक ओळखणं चांगल्या कानालाही कठीण जातं. पण ६४ किंवा ९६ वर आवळलं की गाडी अडते. तंबोऱ्याचे उपस्वर दाट, हळू आणि सतत. एका तुकड्यात त्यातला एखादा राहतो, पुढच्यात जातो, पुन्हा येतो. अखंड असायला हवा तो झंकार डुचमळू लागतो. पाण्याखालून आल्यासारखा आवाज आपण म्हणतो तो हा. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल पुन्हा एमपी३ केली, ती व्हिडिओ म्हणून व्हॉट्सअॅपवर टाकली, कुणी त्यातला आवाज काढून परत एमपी३ केला, तर दर वेळी नवा अंदाज आणि नवी काटछाट. यातून गेलेलं काही परत येत नाही. एमपी३ ची वेव्ह फाइल केली तर आकार वाढतो, गाणं वाढत नाही.

स्वच्छ करण्याच्या नादात

सगळ्यात मोठं नुकसान मात्र प्रेमानं केलं जातं. खरखर काढणारी सॉफ्टवेअरं आता सहज मिळतात. त्यांची रीत अशी: जिथे गाणं नाही तिथला एक तुकडा दाखवायचा आणि सांगायचं, हा गोंगाट आहे, हा सगळीकडून वजा कर. आता मैफलीच्या सुरुवातीला गाणं नसतं तिथे काय असतं? तंबोरा! सॉफ्टवेअर त्यालाच गोंगाट समजतं. तुकडा दुसरीकडचा घेतला तरी अडचण तीच, कारण एकसारखं आणि हळू वाजतं ते नको असलेलं, हीच त्याची गोंगाटाची ओळख आहे, आणि तंबोरा तर नेमका तसाच वाजतो. सुपात धान्य पाखडताना वारा कोंडा आणि दाणा नावानं ओळखत नाही, वजनानं ओळखतो. हलके दाणेही कोंड्यासोबत उडतात. इथेही तसंच. सोबत श्वास जातो, स्वर संपताना उरणारी आस जाते, मींडेची शेवटची टोकं बोथट होतात. फोन स्पीकरसमोर धरून व्हॉइस नोट करणाऱ्यांचंही हेच होतं, कारण बोलणं नीट कळावं म्हणून मागचा सततचा आवाज दाबण्याची सोय फोनमध्येच असते.

खरखरीतून गाणं वेगळं काढायचं काम आपला मेंदू सॉफ्टवेअरपेक्षा फार चांगलं करतो. पाचदहा मिनिटांत तो खरखर मागे टाकतो. पण जे फाइलमध्येच उरलेलं नाही ते त्याला आणता येत नाही. म्हणून मला खरखरीची तबकडी हवी, घासूनपुसून निर्जीव केलेली नको. टक् टक् असे सुटे आवाज एकेक करून काढणं वेगळं; त्याला माझी हरकत नाही.

> पाठवण्याआधी
> • दोन प्रती असतील तर आधी गाणं सुरू होण्यापूर्वीचं अर्धं मिनिट ऐका. तंबोरा भरून आणि स्थिर असेल ती प्रत ठेवा.
> • जास्त केबीपीएस म्हणजे चांगली प्रत असं नाही. ती कशावरून केली ते विचारा.
> • फोनवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, फाइल जशीच्या तशी जाते.
> • जागा वाचवायची तर फ्लॅक वापरा. आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि काहीही टाकलं जात नाही.
> • भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं असतो. खासगी बैठकीबाबत कलाकाराची किंवा घरच्यांची इच्छा आधी पाहा.

कपाटातल्या कॅसेटी

ज्यांच्या घरी बैठकींच्या कॅसेटी किंवा स्पूल आहेत त्यांनी त्या उतरवून घ्यायला उशीर करू नये. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट थेट वाजवू नये. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट जाणकाराकडेच द्यावी, नाहीतर यंत्रातून ती बुरशी दुसऱ्या कॅसेटींना लागते. वाचकटोकाजवळ एक लहान स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून तो अगदी थोडा इकडेतिकडे फिरवला की एका जागी कोंदटपणा फिटतो आणि तंबोऱ्याची धार उघडते. तिथे थांबायचं. मग वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये, २४ बिटवर, कसलीही सफाई न करता उतरवायचं. पुढे हवी तर सफाई दुसऱ्या प्रतीवर करता येते. ही पहिली प्रत मात्र तशीच ठेवावी.

आणि माहिती लिहावी: कोण, कुठे, कधी, साथीला कोण, कशावरून उतरवलं. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी तबकड्यांचे क्रमांक, लेबलं, तारखा जुळवायचं काम वर्षानुवर्षं केलं, म्हणून आज जुन्या तबकड्यांबद्दल काही खात्रीनं बोलता येतं. घरगुती मुद्रणांना असा क्रमांक नसतो. तिथे कानानंच पुरावा शोधावा लागतो. एक सोपी खूण आहे. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तेव्हा ‘आकाशवाणी, १९६०’ अशी चिठ्ठी लावून आलेल्या फाइलमध्ये पेटीची साथ ऐकू आली, तर ते ध्वनिमुद्रण बहुधा एखाद्या खासगी बैठकीचं किंवा संमेलनाचं असणार, आणि ती चिठ्ठी पुढे पाठवण्याआधी बदलायला हवी.